खरं बार्बेक्यू खायचंय: टेक्सस की नॉर्थ कॅरोलायना?

ऑस्टिन-डॅलस आणि रॅली-कॅरी, दोन्हीकडे मराठी घरं पुष्कळ. सुट्टीत कुणाकडे जायचं हे बार्बेक्यूवरून ठरवणार असाल, तर आधी एक पाहा: घरात बीफ चालतं का? चालत नसेल तर सरळ कॅरोलायना. मध्य टेक्ससचा जीव ब्रिस्केटमध्ये, म्हणजे गुरांच्या छातीच्या मांसात आहे. टर्की आणि सॉसेज मिळतात, पण ती जोडीला.

चालत असेल तर मात्र ब्रिस्केट खायलाच हवं. मीठ आणि भरड मिरी लावायची, ओकच्या लाकडाच्या मंद धगीवर दहा-बारा तास ठेवायचं, बस. चिवट भाग विरघळून लोण्यासारखा होतो आणि वर काळी, खमंग साल धरते. एकोणिसाव्या शतकात तिथे आलेले जर्मन आणि चेक खाटीक न खपलेलं मांस धुरावर शिजवत. आजही लॉकहार्ट गावात ते वजनावर, कागदावर मिळतं. तिथलं क्राइट्स मार्केट 1900पासूनचं. सॉस कित्येक वर्षं देतच नसत, आणि मला ते पटतं. ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यूत खायचं तर सकाळपासून रांगेत उभं राहायची तयारी हवी.

नॉर्थ कॅरोलायना म्हणजे डुकराचं मांस. पूर्वेकडे अख्खं डुक्कर निखाऱ्यांवर भाजून बारीक चिरतात आणि व्हिनेगर-लाल मिरचीचं पातळ पाणी घालतात. एडन गावातलं स्कायलाइट इन (1947) कुरकुरीत कातडीही त्यातच चिरून घालतं. ही आंबट-तिखट चव गोव्याचं विंदालू आवडणाऱ्याला पहिल्याच घासाला जवळची वाटेल. पश्चिमेला, लेक्सिंग्टनकडे, फक्त खांद्याचं मांस, आणि सॉसमध्ये थोडं केचप.

पेयांत माझं मत डॉ. पेपरला. 1885 साली टेक्ससच्या वेको शहरात जन्मलेलं हे पेय ब्रिस्केटच्या चरबीला चांगलं कापतं. कॅरोलायनात चेरीच्या चवीचं चिअरवाइन मिळतं. नावात वाइन असली तरी दारू नाही, मुलांना खुशाल द्या. थंड चहा मात्र खूप गोड असतो. मधुमेह असेल तर ‘अनस्वीट’ म्हणून मागा.

सोबत कुणी शाकाहारी असेल तर दोन्हीकडे विचारूनच घ्या: टेक्ससच्या राजम्यासारख्या बीन्समध्ये आणि कॅरोलायनाच्या पालेभाजीत बरेचदा मांस असतं.