आरबीआय-सेबीचे अपडेट पाठवणारी पेड सर्व्हिस, दीड वर्ष वापरून झाल्यावर

मी मुंबईत एका एनबीएफसीच्या, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपनीच्या, लीगल टीममध्ये आहे (आरबीआय अशा कंपन्यांना आकार आणि जोखमीप्रमाणे बेस, मिडल, अप्पर अशा लेयरमध्ये ठेवते, आमची मिडल). टीम म्हणजे मी, एक सिनियर आणि एक ज्युनियर. आम्ही २०२४ च्या जूनमध्ये ही सर्व्हिस घेतली. नाव देत नाहीये कारण खाली तक्रारीही आहेत आणि रिन्यूअलचं बोलणं नुकतंच झालंय. अशा चार-पाच सर्व्हिस बाजारात आहेत आणि साधारण एकाच पद्धतीने चालतात, त्यामुळे नाव नसलं तरी कुठलीही घ्यायच्या आधी काय तपासायचं ते यातून कळेल.

घेतली का ते आधी सांगते. पीनल चार्जेसचं सर्क्युलर १८ ऑगस्ट २०२३ ला आलं, म्हणजे दंड म्हणून व्याजदर वाढवायचा नाही, वेगळा चार्ज लावायचा आणि त्या चार्जवर परत व्याज धरायचं नाही. लागू होणार होतं १ जानेवारी २०२४ पासून. आम्ही सगळे लोन अ‍ॅग्रीमेंट बदलायला घेतले. २९ डिसेंबरला, शुक्रवार होता, आरबीआयने मुदत वाढवली, नवीन कर्जांना १ एप्रिल आणि जुन्यांना पुढच्या रिव्ह्यूपर्यंत पण ३० जूनच्या आत. आम्ही तेव्हा फुकटच्या न्यूजलेटरवर होतो, ते आलं मंगळवारी. शनिवार-रविवार तीन माणसं ऑफिसात बसून ऑपरेशन्सला फोन करत होती, सिस्टीमवाल्यांना रात्री थांबवलं होतं. काम वाया गेलं असं नाही, पण त्या दोन दिवसांत घाईत एका प्रॉडक्टच्या डॉक्युमेंटमध्ये जुना क्लॉज तसाच राहिला आणि तो मार्चमध्ये सापडला. त्यानंतर सरांनी बजेट मंजूर केलं.

तर सर्व्हिस. सकाळी साडेसातला मेल येतो, आदल्या दिवशी आरबीआय, सेबी, कंपनी मंत्रालय, एफआययू (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा) यांचं जे काही आलं त्याची यादी. वेळेच्या बाबतीत दीड वर्षात फक्त दोनदा चुकली, आणि आरबीआयच्या साइटवर बऱ्याच गोष्टी संध्याकाळी उशिरा पडतात हे धरलं तर हे खरंच चांगलंय. सगळ्यात उपयोगी म्हणजे जुन्या-नव्या मजकुराची शेजारी शेजारी तुलना, काय गेलं ते लाल आणि काय आलं ते हिरवं. बोर्ड नोट करताना माझे निदान तीन तास वाचतात. ड्राफ्ट आणि फायनल यांना वेगळा रंग आहे हेही बरं, कारण आमच्याकडे बिझनेसचे लोक ड्राफ्ट वाचूनच विचारायला येतात की उद्यापासून बंद का.

आता जिथे घोळ झाला ते. प्रीपेमेंट चार्जेसचे, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडल्यावर लागणाऱ्या चार्जचे, डायरेक्शन्स २ जुलै २०२५ ला आले (ड्राफ्ट फेब्रुवारीत येऊन गेला होता). दुसऱ्या दिवशीच्या मेलमध्ये हेडलाइन होती की छोट्या उद्योगांच्या फ्लोटिंग (बदलत्या व्याजदराच्या) कर्जावर प्रीपेमेंट चार्ज बंद. आमच्या बिझनेस हेडने ती हेडलाइन अख्ख्या सेल्स टीमला फॉरवर्ड केली. मूळ डायरेक्शन्समध्ये काय आहे, तर घरगुती वगैरे म्हणजे धंद्यासाठी नसलेलं, माणसाच्या नावावरचं फ्लोटिंग कर्ज असेल तर कोणीच चार्ज लावायचा नाही. धंद्यासाठीचं कर्ज असेल, माणसाला किंवा सूक्ष्म-लघु उद्योगाला, तर मोठ्या बँका आणि अप्पर लेयर एनबीएफसीने अजिबात लावायचा नाही, पण मिडल लेयरला ही बंदी ५० लाखांपर्यंत सँक्शन झालेल्या कर्जापुरती आहे. आमची अर्धी कर्जं ५० लाखांच्या वरची! आणि लागू कशाला, तर १ जानेवारी २०२६ ला किंवा नंतर सँक्शन किंवा रिन्यू झालेल्या कर्जांना. तो 'रिन्यू' शब्द समरीत नव्हताच. आमच्याकडे दरवर्षी रिन्यू होणारी लिमिट आहेत, म्हणजे जुनी म्हणून सोडून दिलेली कर्जंसुद्धा त्यांच्या तारखेला आत येणार. हे मला मूळ पीडीएफ वाचताना दिसलं, समरी वाचून दिसलंच नसतं.

मी त्यांच्या सपोर्टला लिहिलं, दोन दिवसांत समरी दुरुस्त केली आणि नीट उत्तरही दिलं, ते श्रेय त्यांना आहेच. पण माझं म्हणणं असंय की आपण पैसे देतो ते सर्क्युलर आलं हे कळायला नाही, ते तर आरबीआयच्या साइटच्या आरएसएस फीडवर (नवीन काही आलं की आपोआप कळवणारी सोय) फुकट कळतं. पैसे आहेत ते 'कोणाला लागू' आणि 'कधीपासून, कुठल्या कर्जाला' या दोन ओळींचे. त्या दोन ओळी चुकल्या तर बाकी सगळा रंगीत डॅशबोर्ड माझ्या काही कामाचा नाही. डेमो बघाल तेव्हा सेल्सच्या माणसाला हेच प्रीपेमेंटचं अपडेट उघडून दाखवायला सांगा आणि बेस, मिडल, अप्पर असे फिल्टर बदलून समरी बदलते का ते बघा. आमच्याकडे तेव्हा फिल्टर फक्त यादी लहान करायचा, मजकूर तोच राहायचा.

उलट नोव्हेंबर २०२५ ला त्यांनी खरंच जीव ओतून काम केलं. २८ नोव्हेंबरला आरबीआयने सगळ्या जुन्या सूचना एकत्र करून संस्थेच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळी अशी २४४ मास्टर डायरेक्शन्स काढली आणि ९,४४५ सर्क्युलर रद्द केली. ज्यांनी हे काम केलंय त्यांनाच कळेल त्या दिवशी पोटात काय झालं, कारण आमच्या प्रत्येक पॉलिसीत, प्रत्येक बोर्ड नोटमध्ये, ऑडिटरला दिलेल्या प्रत्येक उत्तरात जुना सर्क्युलर नंबर होता. रद्द करताना जुन्याखाली केलेली कामं वाचवणारं कलम आहे, त्यामुळे आभाळ कोसळलं नाही, पण संदर्भ बदलायचेच होते. या लोकांनी तीन आठवड्यांत एक तक्ता दिला, डावीकडे जुना सर्क्युलर, उजवीकडे नव्या डायरेक्शनचा पॅरा नंबर. आमच्या ज्युनियरने शंभर-एक नोंदी मुळाशी ताडून पाहिल्या, चार चुकल्या होत्या. हाताने करायला बसलो असतो तर मार्च उजाडला असता.

सेबीचा भाग मात्र कच्चा आहे. आमचे एनसीडी (कर्जरोखे) शेअर बाजारात लिस्टेड आहेत, म्हणून आम्हाला एलओडीआर (लिस्टेड कंपन्यांनी पाळायचे आणि जाहीर करायचे नियम) आणि इनसायडर ट्रेडिंग एवढंच हवंय, पण मेलमध्ये म्युच्युअल फंड, एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड), कमॉडिटी सगळं येतं आणि त्यात कामाचं बुडतं. मार्च २०२५ मध्ये हाय व्हॅल्यू डेट लिस्टेड कंपनीची (मोठ्या रकमेचे कर्जरोखे लिस्ट केलेली, जिला जास्त नियम लागतात) मर्यादा ५०० कोटींवरून १,००० कोटी झाली, ती आमच्यासाठी मोठी गोष्ट, आणि यादीत ती नवव्या नंबरवर होती. सेबीची स्वतःची साइट यात जास्त बरी वाटते मला, रेग्युलेशनवर शेवटची सुधारणा कधीची ते लिहिलेलं असतं आणि खाली तळटिपांत जुना मजकूर असतो.

एक सावधगिरी. या प्लॅटफॉर्मवर प्रत्येक अपडेटखाली टीमने आपलं मत लिहायची सोय आहे. आम्ही सुरुवातीला तिथे मोकळेपणाने लिहायचो, 'इथे आपण कमी पडतोय' वगैरे. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की पगारी इन-हाऊस वकिलाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं, म्हणजे वकील-अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय ठेवणारं, संरक्षण नाही, कलम १३४ खालचं मर्यादित तेवढंच. त्यानंतर आम्ही तिथे फक्त जबाबदार कोण आणि तारीख काय एवढंच टाकतो, गंभीर मत हवं असेल तर बाहेरच्या वकिलांकडून घेतो. डेटा कुठे राहतो आणि करार संपल्यावर पुसतात का, हे करारात लिहून घ्या, आम्ही दुसऱ्या वर्षी घेतलं.

आणि मराठीचा मुद्दा, जो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च सांगणारा कागद, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या रिटेल आणि एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) टर्म लोनना, कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यायचं असतं, आणि त्यात न दाखवलेला चार्ज त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आमच्या शाखा बीड, परभणी, हिंगोलीत आहेत. सर्व्हिसकडे भाषांतराचं जादा पैशाचं पॅकेज होतं, आम्ही घेतलं. फ्लोटिंग रेटला 'तरंगता दर' आणि पीनल चार्जला 'शिक्षेचे शुल्क' असं आलं. बीडच्या मॅनेजरचा फोन आला, म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक विचारतंय शिक्षा कसली, पोलीस येणार का?" दोन लाखांचं कर्ज घ्यायला आलेला माणूस, तो कागद बघून घाबरून परत गेला. तो कागद बनलाच आहे त्याला समजावं म्हणून. शेवटी मी आणि शाखेतल्या दोघांनी बसून स्वतः लिहिला, 'बदलता व्याजदर', 'उशिराबद्दलचा दंड', आणि वार्षिक टक्केवारी दराखाली एक वाक्य की यात फी धरून एकूण खर्च येतो. तीन संध्याकाळी गेल्या. तो माणूस काही परत आला नाही, पण त्यानंतर असा फोन आला नाही.

किंमत आम्हाला ज्युनियरच्या साधारण दोन महिन्यांच्या पगाराएवढी पडते वर्षाला, भाषांतर वगळून. रिन्यू केलंय एक वर्षासाठी, फक्त आरबीआयचा भाग. सेबी आणि भाषांतर काढून टाकलं. लेयरप्रमाणे समरी बदलून द्यायचं त्यांनी लेखी कबूल केलंय, जूनपर्यंत, पाच पैकी साडेतीन देतेय, जूनमध्ये तो फिल्टर बघून इथेच बदलेन.