हार्टलपूलची 'ट्रिंकोमाली': दोनशे वर्षांचा साग पाहायचा असेल तर

आमचा धंदा लाकडाच्या वखारीचा. त्यामुळे या जहाजावर चढल्यावर माझी नजर तोफांच्या आधी तुळयांवर गेली आणि तिथंच खिळली.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलच्या गोदीत 'एचएमएस ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, उभी आहे. ब्रिटनच्या युद्धनौकांपैकी आजही तरंगत असलेली ही सर्वांत जुनी. बांधली मात्र आपल्या मुंबईत, जमशेटजी बोमनजी वाडियांनी, मलबारच्या सागवानात. नेपोलियनशी लढता लढता ब्रिटनमध्ये ओकचा तुटवडा पडला, म्हणून हे काम मुंबईकडे आलं. कण्याची पहिली तुळई बसवताना पारशी रीतीप्रमाणे तिच्यात चांदीचा खिळा ठोकला होता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं.

गन डेकवर तोफांच्या रांगा उत्तम मांडल्या आहेत. खालच्या डेकवर तुळयांखाली वाकूनच चालावं लागतं. उंच माणसांनी डोकं सांभाळावं, आणि गुडघे दुखत असतील तर उभे जिने घाई न करता उतरावेत.

मी मात्र लाकूड हाताने चाचपत फिरलो. सागात अंगचं तेल असतं, त्यात ठोकलेलं लोखंड टिकतं. ओकमधलं टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट आम्लद्रव्य, लोखंडाला खातं आणि गंजलेलं लोखंड उलट लाकूड कुजवतं. पोर्ट्समथला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची ओकची युद्धनौका 'व्हिक्टरी' १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे, तरी बुरशी आणि भुंग्यांमुळे तिच्या बाहेरच्या फळ्या काढून नव्या बसवण्याचं काम तिथं चालू आहे. 'ट्रिंकोमाली'ची मोठी दुरुस्ती १९९० ते २००१ चालली, आणि त्यानंतरही निम्म्याहून जास्त लाकूड मूळचंच आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठी गोष्ट दुसरी काय दाखवणार?

पण नुसत्या सागानं जहाज वाचलं असं मी म्हणणार नाही. १८९७ मध्ये ते भंगारात जायचं होतं. जेफ्री व्हीटली कॉब यांनी ते विकत घेतलं, 'फुद्रोयां' असं नवं नाव दिलं आणि त्यावर मुलांना नौकानयनाचं शिक्षण सुरू केलं. ते १९८६ पर्यंत चाललं. जहाजावर माणसं राहत होती, म्हणून गळती वेळेवर दिसली आणि वेळेवर बुजली. उलट, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या नौदल लढाईत लढलेल्या 'इम्प्लॅकेबल' या जहाजाच्या दुरुस्तीला पैसा मिळाला नाही आणि १९४९ मध्ये ती समुद्रात बुडवली गेली.

आपली पहिली 'विक्रांत' आठवल्याशिवाय मला इथून निघता आलं नाही. इंग्लंडमध्ये बांधलेलं ते जहाज मुंबईत २००१ पासून संग्रहालय होतं. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणानं ते बंद झालं आणि २०१४ मध्ये तोडायला घेतलं. खाऱ्या पाण्यात उभं असलेलं पोलाद दर काही वर्षांनी कोरड्या गोदीत नेऊन खरवडावं, रंगवावं लागतं. संग्रहालयाचं उद्घाटन करतानाच त्या खर्चाची कायमची तरतूद हवी, असं माझं ठाम मत आहे.

फक्त तोफा बघायच्या असतील तर तासभर पुरे. सांधे, बोल्ट आणि फळ्यांचे रेषे बघायचे असतील तर अर्धा दिवस मोकळा ठेवा. सुतारकाम करणारं घरात कुणी असेल तर त्यांना आवर्जून न्या.