नकाशावरचा उत्तरेचा बाण तपासा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत २२ वर्षं काढली. पीएफचे पैसे उचलून खानापूर रोडच्या आत ३० बाय ४० चा प्लॉट घेतला. रस्ता पूर्वेला. 'वास्तुशास्त्राप्रमाणे परवडणारं घर, नकाशापासून किल्लीपर्यंत' ही जाहिरात बघून त्या माणसाकडे गेलो. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

त्यानं आमच्यासमोर प्लॉटच्या १२०० चौरस फुटांना आठानं भागलं. "बाकी शून्य. पूर्ण प्लॉटभर बांधायचं नाही." मग घर २५ बाय ३३ म्हणजे ८२५, बाकी एक. या बाकीवरून वास्तुशास्त्रात घराची 'आय' ठरवतात, एक उरली तर ध्वज. "ध्वज आय. बायको-पोरं सुखात राहतील." आमच्या भटजींनाही विचारलं. आय काढायची रीत हीच, विषम बाकी शुभ धरतात, म्हणाले. हिशेब खरा निघाला आणि तिथंच आम्ही फसलो. बाकीचं काही तपासावं असं मनातच आलं नाही. १४ लाखांत घर ठरलं, साडेतीन लाख ॲडव्हान्स दिला.

नकाशा देखणा होता. ईशान्येला देवघर आणि पाण्याचा संप, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला आमची खोली, मध्ये ब्रह्मस्थान मोकळं. बायकोनं तो फ्रीजवर चिकटवला होता.

जोतं झालं. एका सकाळी गवंडी संपाच्या खड्ड्याशी उभा राहून म्हणाला, "अण्णा, ही ईशान्य कशी? सूर्य तर तिकडनं वर आलाय." मोबाईलवर दिशा बघितली आणि हातपाय गळाले. नकाशा उत्तरेला रस्ता असलेल्या प्लॉटचा होता. आमच्या पूर्वेच्या रस्त्यावर तो तसाच फिरवून बसवला होता. देवघर आणि संप आग्नेयेला, स्वयंपाकघर नैर्ऋत्येला गेलं होतं. यात नुसत्या श्रद्धेचा प्रश्न नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वारा-पाऊस नैर्ऋत्येकडूनच झोडपतो. नेमकी त्याच भिंतीला चुलीवरची मोठी खिडकी.

विचारायला गेलो तर शांतपणे म्हणाला, "दोष निवारण करू. ४५ हजार." मी तेही दिले. आजही त्या दिवशीचा माझाच राग येतो. तांब्याच्या पट्ट्या पुरल्या, काम थांबलं, मग फोन लागेना.

करारपत्र कानडीत होतं. मला कानडी बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. सही करताना तो म्हणाला होता, नेहमीचंच आहे. कानडी माध्यमात शिकलेल्या पुतणीनं नंतर वाचून दाखवलं: नकाशातल्या दिशा फक्त नमुन्यादाखल, दिलेली रक्कम परत मिळणार नाही. नकाशावर इंजिनिअरची सही नाही, नोंदणी क्रमांक नाही. पंचायतीचा बांधकाम परवाना 'काढतो' म्हणाला होता, अर्जसुद्धा केला नव्हता. माझ्याकडे ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे) नमुना ९ आणि ११ तयार होते. मी स्वतः पंचायतीत गेलो असतो तर तिथंच कळलं असतं.

आता बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. मुदत दोन वर्षांची असते, बसून राहू नका. पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा.

आणि या भागात कुणी असाच नकाशा घेतला असेल तर तो खिडकीच्या उजेडात धरा. आमच्या नकाशात खालच्या कोपऱ्यात व्हाइटनरखाली दुसऱ्याच कुणाचा प्लॉट नंबर आहे.