पुरात दप्तर वाहून गेल्याचं सांगून विकलेला खोटा जन्मदाखला

चिपळूण-गुहागर भागात जन्मदाखला काढून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाने आमच्या घरातून साडेआठ हजार रुपये नेले आणि बदल्यात बनावट दाखला हातात ठेवला. पैसे गेले याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठा संताप या गोष्टीचा आहे की माझ्या दहा-अकरा वर्षांच्या पुतणीच्या नावाने एक खोटं सरकारी कागदपत्र तयार झालं. दुसऱ्या कुणाच्या लेकरावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

दादा कुवेतला नोकरीला आहे. वहिनीला आणि मुलीला तिकडे न्यायचं ठरलं. फॅमिली व्हिसासाठी मुलीचा जन्मदाखला लागतो, तोही अटेस्टेशन, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचं अधिकृत साक्षांकन, करून. मुलीचा जन्म 2014 मधला. पहिलं बाळंतपण म्हणून वहिनी माहेरी होती आणि प्रसूती चिपळूणमधल्या एका खाजगी दवाखान्यात झाली. आमचं घर मात्र गुहागर तालुक्यात. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि आधार यांवर शाळेचा प्रवेश झाला, त्यामुळे दाखल्याची गरज तोवर पडलीच नव्हती.

वहिनी आधी आमच्या ग्रामपंचायतीत गेली. तिथे नोंदवही बघून सांगितलं की नोंद नाही. ते खरंच होतं. मूल जिथे जन्मतं तिथल्याच निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, त्याची नोंद होते. आईबापाचं घर, रेशनकार्ड, सातबारा कुठेही असो. कोकणात हा घोळ घरोघरी आहे, कारण पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, चांगला दवाखाना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी, आणि निम्मं कुटुंब मुंबईला. चाकरमान्यांची मुलं एक गावाकडच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेली, दुसरं परळला. दोघांचे दाखले दोन वेगळ्या कार्यालयांत मिळणार, हे कुणी समजावून सांगत नाही. ‘इथे नोंद नाही’ एवढं ऐकून माणूस बाहेर पडतो आणि एजंटाच्या तावडीत सापडतो.

आमचा एजंट एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाशी भेटला. वहिनीच्या हातातली फाईल बघून त्यानेच चौकशी केली. चिपळूणचं नाव काढल्यावर म्हणाला, “वहिनी, तिथे कशाला जाता? 2021च्या पुरात सगळी दप्तरं गेली. आता नवीन नोंदच घालायला लागणार. आत माझी माणसं आहेत, तुम्ही काळजीच करू नका.”

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. लोक वरच्या मजल्यांवर, छपरांवर अडकले होते. वहिनीच्या माहेरच्यांचं दुकान गेलं, त्यात वह्या, पावत्या, शाळेचे दाखले सगळं चिखलात गेलं. असं घर बघितलेल्या बाईला दप्तर वाहून गेलं म्हणून सांगितलं तर ती विश्वास ठेवणारच. लोकांनी जे भोगलं, नेमकं तेच हत्यार करून हा माणूस पैसे काढत होता. मला त्याची सगळ्यात जास्त चीड येते ती इथे.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत. आधी ‘शोध फी’ म्हणून पंधराशे, मग ‘वरच्या साहेबांची सही’ म्हणून चार हजार, शेवटी ‘ऑनलाइन चढवायचे’ म्हणून तीन. प्रत्येक वेळी नवा क्यूआर कोड पाठवायचा आणि खातं तिसऱ्याच माणसाच्या नावाचं असायचं. पावती मागितली की म्हणायचा, सरकारी पावती दाखल्याबरोबरच येते. मग व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली आणि पाठोपाठ एक रंगीत प्रिंट. राजमुद्रा, नोंदणी क्रमांक, क्यूआर कोड, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी.

मुंबईत अटेस्टेशनच्या कामाला कागद दिले तिथल्या मुलीने पहिल्यांदा तो कोड मोबाइलवर स्कॅन केला. उघडलेलं पान हुबेहूब सरकारी दिसत होतं, मुलीचं नाव आणि जन्मतारीखसुद्धा त्यावर होती. फक्त वरचा पत्ता सरकारी नव्हता. केंद्राच्या जन्म-मृत्यू नोंदणी पोर्टलचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो, हा नुसत्या ‘डॉट इन’ने संपत होता आणि आधीची अक्षरं मुद्दाम सारखी ठेवलेली. म्हणजे खोट्या दाखल्याला दुजोरा देणारी खोटी वेबसाइटही त्या टोळीने उभी केली होती. ‘क्यूआर स्कॅन होतो म्हणजे दाखला खरा’ असं समजू नका. स्कॅन केल्यावर पत्त्याची पट्टी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. उलट, जुन्या हस्तलिखित किंवा टाइप केलेल्या दाखल्यांवर कोड नसतोच, म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

दुसरी खूण तर कागदावरच होती. जन्मस्थानाच्या रकान्यात चिपळूणच्या दवाखान्याचं नाव आणि दाखला देणारं कार्यालय आमची ग्रामपंचायत! चिपळूण शहरात झालेल्या जन्माची नोंद गुहागर तालुक्यातली ग्रामपंचायत करूच शकत नाही. तुमच्या हातात असा कागद आला असेल तर हे दोन रकाने आधी जुळवून बघा. जुळत नसतील तर पुढे काही तपासायचीही गरज नाही.

यानंतर मी वहिनीला घेऊन चिपळूणला नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात गेलो. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, दवाखान्याचं नाव आणि डिस्चार्ज कार्ड एवढंच दिलं. नोंद होती! दवाखान्याने ती जन्मानंतर लगेच, मुदतीत कळवलेली होती. तेव्हा बारसं व्हायचं असल्यामुळे बाळाच्या नावाचा रकाना तेवढा कोरा. कायद्याने दवाखान्यातल्या जन्माची माहिती दवाखान्यानेच निबंधकाला द्यायची असते आणि 21 दिवसांच्या आत दिलेल्या माहितीला शुल्क नाही. बाळाचं नाव नंतर घालता येतं. पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. वहिनीने अर्ज, दोघांची आधारकार्डं आणि शाळेचं बोनाफाईड जोडलं. भरलेले पैसे शंभराच्याही आत आणि त्याची छापील पावती. खरा दाखला घरी आला तेव्हा वहिनी रडली. साडेआठ हजार देऊन जे मिळालं नाही ते खिडकीवर सरळ विचारल्यावर मिळालं होतं.

तेव्हा कुणालाही दाखला हवा असेल तर आधी जन्म नेमका कुठे झाला ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गावात, घरी किंवा सुइणीच्या हातून झाला असेल तर त्या गावची ग्रामपंचायत. शहरातला असेल तर तिथली नगरपरिषद किंवा नगरपंचायत. मुंबईतला असेल तर महापालिकेच्या त्या विभागाचं कार्यालय. सरकारी रुग्णालयातला असेल तर आधी रुग्णालयातच विचारा, कारण अनेक ठिकाणी नोंद तिथेच होते. आजोबा-पणजोबांच्या, म्हणजे 1969चा नोंदणी कायदा लागू होण्यापूर्वीच्या गावाकडच्या नोंदी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, सापडू शकतात. जातपडताळणीसाठी लोक त्याच्या नकला काढतात. तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका, अर्ज द्या आणि नोंद आढळत नसल्याचं लेखी घ्या. पुढच्या कामाला तो कागद लागतो.

खरोखरच नोंद झालेली नसेल आणि जन्माला वर्ष उलटून गेलं असेल, तर निबंधकालाही आपल्या मनाने नोंद घालता येत नाही. नोंदणी कायद्याच्या 2023च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि तोही पुरावे तपासून. ‘मागच्या तारखेने नोंद घालून देतो’ म्हणणारा माणूस थेट गुन्ह्याची भाषा बोलतो आहे. दप्तर खरोखर भिजलं किंवा हरवलं असलं तरी ते कार्यालयानेच लेखी सांगायला हवं, स्टँडवरच्या माणसाने नाही.

आणखी एक. गावातल्या म्हाताऱ्यांना हे लोक पासपोर्टसाठी जन्मदाखले विकतात. 1 ऑक्टोबर 2023 पूर्वी जन्मलेल्यांना पासपोर्टला जन्मदाखलाच हवा असं नाही. शाळा सोडल्याचा दाखला, पॅनकार्ड अशी इतर कागदपत्रंही जन्मतारखेसाठी चालतात. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या बाळांसाठी मात्र हा दाखलाच लागतो, तेव्हा नव्या आईबापांनी बारशाच्या गडबडीत तो राहू देऊ नये.

कार्यालयात टाळाटाळ होत असेल तर अर्जाची पोच घ्या. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि कारण नसताना अडवणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. एजंटाला पैसे देण्यापेक्षा हा एक साधा अर्ज जास्त काम करतो.

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग पोलीस ठाण्यात लेखी दिली. क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, बनावट दाखला सगळं जोडलं. पैसे अजून परत आलेले नाहीत. ज्यांच्याकडे असा कागद आहे त्यांनी तो फाडू नये, आणि कुठेही वापरू तर मुळीच नये. जन्मनोंदवहीचा खोटा दस्तऐवज बनवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 337 खाली येतं, आणि खोटा आहे हे कळल्यावर तो खरा म्हणून वापरणं कलम 340 खाली. ज्या दिवशी शंका आली त्याच दिवशी तक्रार दिली, तर तुम्ही फसवले गेलेले आहात हे कागदावर राहतं. लाजेपोटी गप्प बसलेली निदान दोन घरं आमच्याच वाडीत आहेत. त्यांनाही मी पोलीस ठाण्यात घेऊन जाणार आहे, कारण त्या माणसाचा फोन अजून चालू आहे.