दिवाळीच्या सुट्टीत गढवाल की कुमाऊं?

उत्तराखंडला जायचं ठरलं की लगेच हा प्रश्न येतो. नकाशावर दोन्ही मुलूख शेजारी शेजारी, आणि ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीला दोन्हीकडची माणसं माहेरवाशीण मानतात. म्हणून सात-आठ दिवसांत दोन्ही उरकावं असं वाटतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका. पहाडात दीडशे किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस गाडीत. एकच निवडा.

आधी तारखा बघा. गढवालमधल्या केदारनाथची दारं भाऊबीजेला बंद होतात आणि देव सहा महिन्यांसाठी ऊखीमठला उतरतात. आपल्या शाळांना सुट्टी लागते नेमकी तेव्हाच. बद्रीनाथ थोडे दिवस जास्त उघडं असतं, पण थंडी कडक. म्हणजे ज्यांना चारधामच करायचे आहेत त्यांनी दिवाळीचा विचार सोडून मे महिना धरावा किंवा सप्टेंबरअखेरीनंतर दिवाळीच्या आधी जाऊन यावं. यात्रेची नोंदणी करावी लागते, ती निघण्याआधीच करा. कुमाऊंचं उलट आहे. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ धुतल्यासारखं होतं आणि शिखरं सकाळपासून समोर उभी असतात. मे महिन्यात मात्र चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलांना लागणाऱ्या वणव्यांच्या धुराने तीच शिखरं कित्येक दिवस दिसत नाहीत.

गढवालमध्ये रस्ता नदीला धरून चालतो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा वेगवेगळ्या रंगाने येऊन मिळतात आणि तिथून पुढे तिला गंगा म्हणतात. त्या घाटाच्या पायरीवर उभं राहिलं की घरात आजीच्या तांब्यातलं गंगाजल आठवतंच. पुढे दरी अरुंद होत जाते आणि डोंगर अंगावर येतात. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरहून अधिक चढ. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकिटं काढू नका; दम लागणं वेगळं आणि विरळ हवेने डोकं धरणं वेगळं. २०१३ चा जूनमधला प्रलय आणि २०२३ च्या जानेवारीत जोशीमठच्या घरांना गेलेल्या भेगा विसरून भर पावसात त्या रस्त्याला लागू नये. अपवाद एकच, फुलांची दरी. ती जुलै-ऑगस्टमध्येच फुलते, तेव्हा हाताशी दोन दिवस जादा ठेवून जा. पाय चांगले असतील आणि गर्दी नको असेल तर चोपत्याहून तुंगनाथ करा. चार किलोमीटरच्या आतबाहेरची चढण आहे, आणि मंदिर ३,६८० मीटरवर.

कुमाऊंमध्ये तुम्ही दरीत नसता, डोंगराच्या धारेवर असता. कौसानी, बिनसर, मुन्स्यारी इथून त्रिशूल, नंदादेवी, पंचाचूली अंगणात बसून दिसतात. चालणं आपल्या मनावर. देवदर्शनाची ओढ असेल तर अल्मोड्याजवळचं जागेश्वर चुकवू नका. देवदारांच्या गर्द राईत शंभराहून अधिक दगडी देवळं आहेत. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातलं ‘नागेशं दारुकावने’ हे तिथले लोक जागेश्वरालाच लावतात. आपण ते हिंगोलीच्या औंढा नागनाथाला लावतो, द्वारकेजवळचे लोक त्यांच्या नागेश्वराला. मला त्यात वाद घालावासा वाटला नाही. त्या राईत शिरल्यावर दारुकावन म्हणजे काय ते कळलं, एवढं पुरे झालं.

जेवणाबद्दल मात्र मला भरभरून सांगायचं आहे, कारण आपली माणसं तिथे जाऊन पनीर आणि मॅगी खाऊन परत येतात. दोन्हीकडचं धान्य आपल्या ओळखीचं आहे. मडुआ म्हणजे नाचणी. गहत म्हणजे कुळीथ. झंगोरा आपल्या भगरीच्या जवळचा, त्याची खीर करतात. गढवालमध्ये कुळीथ भिजवून, वाटून फाणू करतात, उडीद भाजून चैंसू, पालेभाजीचं काफुली. फोडणीला जखिया, मोहरीहून बारीक आणि दाताखाली कुरकुरणारा. लग्नात लेकीबरोबर अरसे देतात. भिजवलेले तांदूळ कुटून गुळाच्या पाकात मळलेले, तळलेले. अनारशांच्या घरातल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

कुमाऊंमध्ये भट, म्हणजे काळं सोयाबीन. अल्मोड्याजवळच्या एका घरात मी चुलीशी बसून चुडकाणी होताना पाहिली. लोखंडी कढईत तेलात भट टाकले, ते तडतडून फुटले, मग पीठ खरपूस भाजलं, पाणी ओतलं आणि अर्ध्या तासात रस्सा काळाभोर झाला. कढई लोखंडाचीच हवी, नाहीतर हा रंग येत नाही, असं घरच्या दीदींनी बजावलं. सोबत भात, मोहरी वाटून लावलेली काकडीची कोशिंबीर आणि भांगेच्या बियांची चटणी. त्या बियांनी नशा होत नाही, मुलांनाही द्या. जेवणाच्या चवीवरच ठरवायचं असेल तर माझं मत कुमाऊंला.

दिवाळीत तिथे असलात तर उंबरठे बघा. गेरूने सारवून त्यावर तांदळाच्या पिठीच्या पाण्याने, बोटाने, ऐपण काढतात. लक्ष्मीची पावलं दारापासून देव्हाऱ्यापर्यंत. संक्रांतीला गोड पिठाचे घुघुते तळून त्यांची माळ मुलांच्या गळ्यात घालतात आणि मुलं कावळ्यांना हाका मारतात. गढवालची सगळ्यात मोठी परंपरा म्हणजे नंदादेवीची राजजात, बारा वर्षांनी निघणारी पायी यात्रा. तिच्यासाठी सुट्टी नव्हे, तयारी लागते.

तेव्हा दर्शनाची आस असेल, पाय धड असतील आणि तारखा जुळत असतील तर गढवाल. मुंबईहून हरिद्वारला थेट गाडी मिळते. आई-वडील, मुलं आणि दिवाळीची सुट्टी असेल तर कुमाऊं. जुन्या दिल्लीहून रात्रीच्या गाडीने निघालात की पहाटे काठगोदाम, कुमाऊंच्या पायथ्याचं स्टेशन. शनिवार-रविवारी वाटेतल्या कैंची धामच्या, म्हणजे नीम करोली बाबांच्या आश्रमाच्या, गर्दीत रस्ता तुंबतो, म्हणून मधल्या वारी चढा. आणि घरगुती मुक्कामात भटाचे डुबके, म्हणजे भट वाटून केलेलं कालवण, खायचे असतील तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा, भट भिजत घालावे लागतात.