टिकिंटर वापरून पाहिलं, अन् सगळा कापूस शेवटच्या मावशीच्या नावावर

टिकिंटर म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत खिडक्या अन् बटनं बनवायचं साधन. आधीच सांगून ठेवतो, हा काही मोठ्या डेव्हलपरचा रिव्ह्यू नाही. मी बीएस्सीला, गाव यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या पुढं, घरी कापूस अन् तूर, पायथॉन शिकलो ते मोबाईलवर व्हिडिओ पाहून. दिवाळीला घरी आलो तेव्हा सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन वेचणी सुरू झाली होती. संध्याकाळी काट्यावर एकेकीचं गाठोडं मोजायचं, किलो वहीत लिहायचे आणि बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरीचा हिशोब काढायचा हे काम माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं याचा प्रोग्रामच करून टाकू, खिडकीत प्रत्येक मावशीच्या नावाचं एक बटन, वर किलो टाकायचे, नाव दाबलं की नोंद झाली. बाबा म्हणाले, "काऊन, वही काय वाईट होती?"

तर टिकिंटर घ्यायचं कारण एकच, फुकट आहे आणि विंडोजवर पायथॉन टाकलं की सोबतच येतं, वेगळं काही उतरवत बसावं लागत नाही (उबुंटूवाल्यांना मात्र त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं). घरचा कॉम्प्युटर म्हणजे विंडोज सात आणि दोन जीबी रॅम, त्याच्यावर पायथॉन ३.८ च्या पुढचं चालतच नाही, पण टिकिंटरला त्याचं काही सोयरसुतक नाही, खिडकी टचकन उघडते. मुळात ज्याच्यावर टिकिंटर उभं आहे ते आतलं टीके १९९१ चं, जॉन ऑस्टरहाउट यांचं, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठं. दिसायलाही तसंच आहे, करड्या रंगाची जुन्या जमान्यातली बटनं. जुने व्हिडिओ पाहत असाल तर त्यात टिकिंटरचा पहिला टी कॅपिटल असतो, पायथॉन थ्रीमधे तो स्मॉल झाला, माझी पहिली संध्याकाळ तिथंच गेली.

आता मेन गोष्ट, क्लिक. पहिल्या दिवशी प्रोग्राम चालू केला की कोणी हात लावायच्या आधीच एक नोंद पडायची, मग बटन कितीही दाबा, काहीच नाही. मी बटनाच्या कमांडच्या पुढं (दाबल्यावर काय करायचं ते तिथं सांगतात) नोंद करणाऱ्या फंक्शनचं नाव लिहून कंसही लावला होता. कंस लावला की पायथॉन ते फंक्शन तिथल्या तिथं चालवून टाकतो आणि बटनाच्या हातात रिकामी पिशवी देतो. बटनाला नुसतं नाव द्यायचं, कंस नाही. एवढंसं कळायला दीड तास लागला, मधे लाईन गेली तो वेळ धरला नाही.

मग कंस काढला तर मावशीचं नाव कसं पाठवायचं म्हणून लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, लावला, फॉर लूपमधे बारा बटनं झाली, दिसायला एकदम झक्कास. संध्याकाळी काट्यावर एकेकीचं वजन टाकत गेलो आणि शेवटी बेरीज काढली तर अकरा जणींच्या नावावर शून्य आणि यादीत शेवटी असलेल्या मावशीच्या नावावर सगळ्या शिवाराचा कापूस! पहिली मावशी म्हणे, "पोरा, म्या का दिवसभर बांधावर बसून होतो का?" आणि शेवटची शांतपणे, "राहू दे ना बाप्पा, बरोबर लिहून रायलं ते." त्या दिवशीचा हिशोब बाबांच्या वहीवरून केला, त्यांनी ती गुपचूप लिहून ठेवली होती. घोळ असा की लॅम्डा नाव लक्षात ठेवत नाही, क्लिक होईल तेव्हा विचारतो की नाव काय, आणि तोवर लूप संपून व्हेरिएबलमधे शेवटचंच नाव उरलेलं असतं. लॅम्डा शब्दाच्या पुढंच एन बरोबर नाव असं बांधून टाकलं की प्रत्येक बटनाला आपापलं नाव मिळतं.

या दोन्ही चुका माझ्या होत्या, टिकिंटरचा काही दोष नाही. पण याच्यापुढं मला त्याचा खरा राग आला. चुकून पडलेली नोंद उडवायला राईट क्लिक ठेवावं म्हटलं. बटनाच्या कमांडला फक्त डावं क्लिक कळतं, तेही बोट उचलल्यावर, म्हणून उजव्यासाठी बाइंड (क्लिकला फंक्शन बांधून द्यायची सोय) वापरावं लागतं, विंडोजवर ते बटन क्रमांक तीन. लॅम्डा तोच चिकटवला. राईट क्लिक केलं, काहीच नाही, एरर नाही, आवाज नाही, खिडकी आपली जशीच्या तशी उभी. मला वाटलं क्लिक पोहोचतच नाही, म्हणून दोन दिवस बाइंडचीच स्पेलिंग तपासत होतो. खरं म्हणजे क्लिक पोहोचत होतं, फंक्शन सुरू होऊन आपटत होतं, आणि टिकिंटर अशा वेळी खिडकी बंद करत नाही, एरर मागच्या काळ्या खिडकीत टाकतो अन् पुढं चालू. मी ती काळी खिडकी दिसू नये म्हणून फाईलचं एक्स्टेन्शन पीवायडब्ल्यू केलं होतं, म्हणजे एररला बिचाऱ्याला बोलायला तोंडच ठेवलं नव्हतं. पायथॉनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमधून चालवलं तर लाल अक्षरात सगळं हजर, 'कीएरर' (म्हणजे असं नाव यादीत नाही), आणि मावशीच्या नावाच्या जागी बटनप्रेस इव्हेंट असं कायतरी लांबलचक. बाइंड केलेल्या फंक्शनला टिकिंटर सगळ्यात आधी इव्हेंट, म्हणजे क्लिकची माहिती, देतो, तो माझ्या एनमधे जाऊन बसला आणि त्या नावाची मावशी काही आमच्याकडं वेचायला येत नाही. लॅम्डाला आधी ई आणि मग एन दिला, झालं काम. नवीन माणसासाठी बनवलेल्या चीजनं निदान एक डबा तरी दाखवायला पाहिजे होता की बाबू, आत चुकलंय.

एवढं झाल्यावर नवीनच भूत, नोंदी डबल पडायला लागल्या. रोज नाही, सगळ्यांच्या नाही, कधीतरी एखादीच्या. बाबा डेस्कटॉपवरच्या आयकॉनसारखं सगळ्यालाच दोनदा टिचकी मारतात म्हणून मी त्यांच्यावर चढलो, तेही बिचारे ऐकून घेत होते. मग पूर्ण खिडकीलाच क्लिक बाइंड करून प्रत्येक इव्हेंटचा टाईम प्रिंट केला, तो मिलीसेकंदात असतो. बाबांना मुद्दाम डबल क्लिक करायला लावलं, दोन टिचक्यांत दोनशेच्या आसपास अंतर. मग मी स्वतः एकदाच, एकदम सावकाश दाबलं, तर दोन ओळी, मधे ४७. परत दाबलं, ३१. एवढ्या लवकर माणसाचं बोट दोनदा हलत नाही. म्हणजे प्रोग्राम बरोबर, बाबाही बरोबर, माऊसच दळभद्री. माऊसचं नाव घेत नाही, अडीचशेचा होता. तालुक्याला मोबाईल रिपेरिंगवाल्याकडं नेला, त्यानं पाठीचा स्क्रू काढून आतलं बारकं मायक्रोस्विच दाखवलं, त्यातली पत्ती घासली की एकदा दाबल्यावर ती थरथरते आणि दोन क्लिक जातात. दुसऱ्या भंगार माऊसमधलं स्विच काढून लावून दिलं, पन्नास रुपये, वर चहा. त्या दुकानाला माझ्याकडून पाचपैकी पाच.

तरी मी प्रोग्राममधे पण बंदोबस्त केला, एकदा दाबलं की बटन अर्धा सेकंद बंद. त्यासाठी पायथॉनचं स्लीप वापरू नका, अख्खी खिडकी गोठते आणि वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं, टिकिंटरचं आफ्टर वापरा, ते खिडकी न अडवता थोड्या वेळानं काम करतं.

मराठीचं म्हणाल तर मंगल फॉन्टमधे जोडाक्षरं नीट आली, आणि एक गोष्ट तर मला माहीतच नव्हती, किलोच्या खान्यात कोणी १२.५ असं देवनागरीत टाकलं तरी पायथॉनचा फ्लोट ते बरोबर वाचतो! फक्त नोंदींची सीएसव्ही फाईल एक्सेलमधे उघडायची असेल तर युटीएफ एट सिग या एन्कोडिंगमधे सेव्ह करा नाहीतर नावांचा खिचडा होतो.

टिकिंटरला साडेतीन. दीड कापला तो त्या मुकेपणासाठी आणि थोडा करड्या बटनांसाठी. शिकायला घ्या, पण काळी खिडकी लपवू नका.

परवा शेवटच्या मावशीनं काट्यावर उभं राहून विचारलं, "ते पयलंवालं मशीन कुठी गेलं रे? तेच बरं होतं."