फुकटच्या फॉर्मचे पंधराशे डॉलर

मार्च २०२५ मधली गोष्ट. संध्याकाळी कुकर लावत होते, तेवढ्यात लेक लॅपटॉप घेऊन जिन्यावरून धावत खाली आली. "आई, आपण सिटिझन कधी झालो?"

तिला प्रवेश दिलेल्या एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसचा ईमेल होता. कॉलेजसाठी सरकारी मदत मागायच्या तुमच्या फाफ्सा फॉर्मवर अमेरिकन नागरिक असं लिहिलं आहे, पण सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ते जुळत नाही, तरी पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचा दाखला पाठवावा. माझा पहिला विचार हा, की कॉलेजचा काहीतरी घोळ झाला असणार. घोळ आमच्याच घरात झाला होता, तेही रोख पैसे मोजून.

आम्ही मूळचे नाशिकचे, आता न्यू जर्सीत. नवरा एच-१बी या वर्क व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेतली आमची तारीख २०१४ ची. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्ड गटाच्या तारखा एकदम पुढे सरकल्या, तेव्हा इतर असंख्य भारतीयांसारखे आम्हीही घाईघाईनं आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, भरून मोकळे झालो. त्या अर्जावर लेकीला वर्क परमिट मिळालं, सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला. पुढे तारखा पुन्हा मागे गेल्या आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. घरात नंबर आहे, कार्ड आहे, दरवर्षी टॅक्स जातो. त्यामुळे आपण जवळजवळ इथलेच, असं मनानं घेतलेलं. फसवणारा नेमकं हेच हेरतो.

२०२४ च्या दिवाळीच्या सुमाराला एका हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये सेमिनार होता. विषय: व्हिसावाल्यांसाठी कॉलेज एड आणि होम लोन. चहा, समोसे, आणि बोलणारा अस्खलित मराठी. मी विचारलं, "आमचं ग्रीन कार्ड अजून आलं नाही, आम्हाला सरकारी मदत मिळते का?" तो हसून म्हणाला, "वहिनी, टॅक्स भरता ना? मग हक्क कुणाचा? फक्त फॉर्म भरायची पद्धत असते." त्या एका वाक्यावर मी विरघळले. वर्षानुवर्षं मनात साठलेलं कुणीतरी आपल्या भाषेत बोलून दाखवलं, की माणूस पुढचे प्रश्न विचारत नाही. मी तरी नाही विचारले.

फी पंधराशे डॉलर. पाचशे आधी, हजार फॉर्म गेल्यावर, दोन्ही झेल या पैसे पाठवायच्या अॅपवरून. त्या वर्षी फाफ्सा नेहमीच्या १ ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सर्वांसाठी खुला झाला. त्याचंही त्यानं भांडवल केलं: "उशीर झालाय, रांग आहे, तुमचं नाव आधी घालतो." रांग वगैरे काही नसते. फाफ्सा म्हणजे फ्री अॅप्लिकेशन फॉर फेडरल स्टुडंट एड. नावातच फुकट आहे हो! आणि मी, हॉस्पिटलच्या बिलातली एकेक ओळ तपासणारी बाई, त्याची ओळ वाचलीच नाही.

आमची कागदपत्रं घेऊन त्यानं लेकीचं आणि आमचं स्टुडंट एडचं खातं स्वतःच उघडलं, स्वतःच बनवलेल्या ईमेलवर. पासवर्ड मागितला तर म्हणाला, "तुम्ही काही दाबलंत तर फॉर्म लॉक होईल." ते खातं म्हणजे तुमची सही असते, दुसऱ्या कुणी ते उघडायचंच नसतं, हे आम्हाला नंतर समजलं. पैसे घेऊन फॉर्म भरणाऱ्यानं त्यावर स्वतःचं नाव द्यावं लागतं, तेही त्यानं टाळलं होतं. म्हणजे कागदावर सगळं आम्हीच केलेलं. लेकीच्या शाळेतल्या काउन्सिलर हाच फॉर्म मोफत भरून देतात, असं लेक दोनदा म्हणाली होती. "त्यांना व्हिसातलं काय कळतं?" हे माझं उत्तर.

त्यानं नागरिकत्वाच्या प्रश्नावर 'अमेरिकन नागरिक' या पर्यायावर खूण केली. लेकीच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर तर स्पष्ट छापलंय की इमिग्रेशन खात्याच्या परवानगीनंच काम करता येईल. मशीनला ते कळायला असा किती वेळ लागणार?

एड ऑफिसमधल्या बाईंनी शांतपणे समजावलं. ग्रीन कार्डधारक, निर्वासित म्हणून आलेले, आय-९४ या देशात आल्याच्या नोंदीच्या कागदावर आश्रय मंजूर असल्याची नोंद असलेले आणि आणखी काही मोजके गट यांना सरकारी मदत मिळते. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांना मिळत नाही, आणि आय-४८५ नुसतं प्रलंबित असलेल्यांनाही नाही. फॉर्मवर 'दोन्हीपैकी नाही' असा तिसरा पर्याय असतो, आमचा तो. ना पेल ग्रँट ही परत न करायची सरकारी मदत, ना पहिल्या वर्षाचं साडेपाच हजारांचं सरकारी कर्ज. मात्र कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांना व्हिसा आड येतोच असं नाही, ते त्या त्या कॉलेजला विचारा, असंही त्या म्हणाल्या. पाच मिनिटांचं बोलणं, फी शून्य.

मला वाटलं, फॉर्म दुरुस्त केला की संपलं. इमिग्रेशनच्या वकिलांनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. १९९६ च्या कायद्यानुसार कुठल्याही सरकारी लाभासाठी नागरिक असल्याचा खोटा दावा केला, तर ग्रीन कार्डाचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो, आणि ग्रीन कार्ड मागणाऱ्यांसाठी त्यावर माफीची सोय जवळजवळ नाहीच. लेक तेव्हा सतरा वर्षांची होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी म्हटलं. ते म्हणाले, मांडू, पण ठाऊक नव्हतं एवढ्यानं भागेल याची हमी देत नाही. कुणी विचारण्याआधी स्वतःहून दावा मागे घेतला तर त्याचा विचार होतो. आपल्याला कॉलेजनं आधी विचारलंय. त्या रात्री आम्ही तिघंही न बोलता जेवलो.

एड ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर एक पंजाबी ताई भेटल्या होत्या. त्यांना आश्रय मंजूर झालेला, मुलगी त्याच कॉलेजात. तोच माणूस! त्यांच्याकडून नऊशे घेतलेले. त्यांच्या मुलीचा हक्क खराच होता, फॉर्म बरोबर गेला होता, पेल ग्रँटही मिळत होती, त्यामुळे त्यांच्या लेखी तो देवमाणूस. जे फुकट त्यांचंच होतं ते त्यानं त्यांना विकलं, आणि जे कधी मिळणारच नव्हतं ते आम्हाला. मी हे सांगितलं तर त्या माझ्यावरच रागावल्या.

फोन नंबर मात्र त्यांनी घेतला होता. मे महिन्यात त्यांचाच फोन आला. घर घ्यायचं होतं. वर्क व्हिसावाल्यांना २५ मे २०२५ पासून एफएचए, म्हणजे सरकारी हमीचं गृहकर्ज, बंद होणार, ही बातमी खरी होती. ती दाखवून यानं त्यांना सांगितलं, की आता ग्रीन कार्डाशिवाय कुठलीच बँक उभी करणार नाही, माझ्याकडे खास लेंडर आहे, व्याजाचा रेट लॉक करायला अडीच हजार झेल करा. आम्ही २०२१ मध्ये एच-१बीवरच घर घेतलंय, त्यामुळे इथे तरी मला अक्कल होती. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या कंपनीच्या नियमांत कायदेशीर वास्तव्य लागतं, ग्रीन कार्डच हवं असं नाही. अर्ज दिला की तीन कामकाजाच्या दिवसांत लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या खर्चाचा लेखी अंदाज, मिळायला हवं, आणि ते हाती येईपर्यंत क्रेडिट रिपोर्टच्या खर्चाखेरीज एक पैसाही मागता येत नाही. मी म्हटलं, त्याचा एनएमएलएस नंबर, म्हणजे गृहकर्जवाल्यांचा नोंदणी क्रमांक, विचारा, तो वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. त्यांनी विचारला. त्यानं "तुमचा विश्वास नसेल तर राहू द्या" म्हणून फोन ठेवला. ताईंचे अडीच हजार वाचले. माझ्यावरचा रागही गेला असावा, कारण नंतर घरी पिन्नी, म्हणजे त्यांच्याकडचे लाडू, आले.

आमचे पंधराशे गेलेच. बँक म्हणाली, झेल तुम्ही स्वतः केलंत, त्यामुळे परत मिळणार नाहीत. एफटीसी या ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे आणि शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडे तक्रार दिली आहे. खात्यांचे ताबे आम्ही परत मिळवले, फॉर्म दुरुस्त झाला, सोबत घडलं ते सविस्तर लिहून दिलं. वकिलांची फी पंधराशेच्या कितीतरी पट झाली. लेक आता घरून ये-जा करत कम्युनिटी कॉलेजात शिकते.

आय-४८५ च्या फॉर्मवर एक प्रश्न आहे: आपण कधी अमेरिकन नागरिक असल्याचा खोटा दावा केला आहे का? २०२० मध्ये तिच्या अर्जावर मीच 'नाही' लिहिलं होतं, आणि तेव्हा ते खरं होतं. मुलाखतीला बोलावतील तेव्हा हा प्रश्न पुन्हा येईल. लेकीनं त्या दिवसासाठी एक निळी फाइल करून ठेवली आहे. कॉलेजचा ईमेल, झेलच्या पावत्या, वकिलांचं पत्र, आणि सगळ्यात वर त्या सेमिनारचं पत्रक, समोशाच्या तेलाच्या डागासकट.